चप्पल कोणाची होती

गोष्ट ऐन रंगात आली होती. चपला हवेत होत्या आणि त्या कशा आल्या ते मी दोन्ही हात वर करून दाखवत होतो. तेवढ्यात रसिकानं, माझ्या नातीनं, पेनचं टोपण दातात धरून विचारलं, "आजोबा, पण पहिली चप्पल कोणाची होती?"

माझे हात वरच राहिले. अडतीस वर्षं ही गोष्ट मी सांगत आलोय. मोहन्याला कारखान्याच्या चाळीत सांगितली, नाक्यावरच्या सलूनमध्ये अर्ध्या गालाला साबण असताना सांगितली, दोन बारशांत सांगितली, एका तेराव्याला तर मयताच्या मुलांनीच आग्रह केला म्हणून सांगितली. लोकांनी काय काय विचारलं. चपला किती होत्या, पोलीस आले का, कुणाला लागली का. मी ज्याला त्याला त्याच्या मगदुराप्रमाणे उत्तर दिलं. मूळ चप्पल एक होती. तिच्या चार झाल्या, मग सतरा. एका कोजागरीला तर माझ्या तोंडून बैलगाडीचं चाकच यायचं होतं, पण मालननं, माझ्या बायकोनं, दुधाचा पेला पुढे केला आणि चाक जिथल्या तिथे थांबलं. पण चप्पल कोणाची, हे कुणी म्हणजे कुणी विचारलं नव्हतं. ती हवेतूनच येते, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. मीही तसंच धरून चाललो होतो, त्यालाही बरीच वर्षं झाली.

"असेल पब्लिकमधला कुणीतरी," मी म्हणालो.

"कुणीतरी नाही चालत आजोबा. सर म्हणतात, सपोर्टिंग कॅरेक्टर एका सीनपुरतं आलं तरी त्याला काहीतरी पाहिजे असतं. हा माणूस घरातून निघाला तेव्हा त्याच्या मनात काय होतं? चप्पल नवी होती की जुनी?"

"कोल्हापुरी होती म्हणून सांग तुझ्या सरांना."

"फेकू नका ना."

"मी नाही फेकली, बाई. त्यानं फेकली."

ती हसली. पण हसता हसता तिनं एक हिरवं कार्ड काढलं, त्यावर 'चप्पलवाला' असं लिहिलं, खाली प्रश्नचिन्ह काढलं आणि ते माझ्या कपाटाच्या दारावर चिकटवलं.

माझं कपाट तिनं आठवड्यापूर्वीच ताब्यात घेतलं होतं. घरात आरसा नसलेलं तेवढं एकच. नायक पिवळ्या कार्डावर, खलनायक लाल आणि बाकीची मंडळी हिरव्या. माजिवड्याला कुठल्याशा काचेच्या इमारतीत एक ऑफिस आहे, तिथे सोमवारी पात्रांची यादी द्यायची, ती पसंत पडली तर पुढे पटकथा. नोकरी करून, रात्री पटकथेचा क्लास करून पोरीनं इथवर आणलं होतं आणि एवढ्या मोठ्या जगात तिला गोष्ट सापडली ती माझी. मला काय, गुदगुल्याच. पिवळ्या कार्डावर माझं नाव होतं. 'महिपत. कारखान्यात टाइमकीपर. कामगारांसाठी नाटकं लिहितो. हजरजबाबी.' हजरजबाबी वाचून मी त्या दिवशी दोनदा शर्ट बदलायला कपाटाशी गेलो होतो. त्याच्या शेजारी लाल कार्ड. 'गणू. हमाल. धिप्पाड, काळा, मोठ्या मिशा. भावाची जमीन विकतो.'

"अगं, ते नाटकातलं," मी आता म्हणालो. इतके दिवस ते वाक्य मी वाचत होतोच की, पण म्हणालो आज. "गणूनं नाही कुणाची जमीन विकली. नाटकात त्याचं काम तसं होतं."

"माहितीय. पण एकच ना ते. कार्डावर जागा कुठाय एवढी?"

ती अंघोळीला गेली आणि मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. मानपाड्यातला आमचा हा सातवा मजला मुलानं घेतला, तेव्हा हवा चांगली म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. हवा आहेच. पण या खिडकीतून खाली जुनं गाव दिसतं, त्या गावात समोरासमोरच्या दोन गच्च्या दिसतात, आणि त्या दोन घरांच्या मध्ये एक भिंत दिसते. डाव्या गच्चीवर आज मांडवाचे बांबू चढत होते. ती गणूची. उजवीवर कुणीतरी वाळवणाचा कपडा झटकत होतं. ती मारुतीची, गणूच्या धाकट्या भावाची. भिंत डोकीइतकी उंच. एवढी उंच भिंत गुरं अडवायला लागत नाही आणि चोराला ती पुरत नाही. अशी भिंत फक्त दिसू नये म्हणून घालतात. मी या खिडकीत पेपर वाचायला बसतो, पण खुर्ची मात्र उलटी ठेवतो. उजेड मागून आला की डोळ्यांना त्रास होत नाही, असं घरच्यांना सांगितलंय.

नवी होती चप्पल. मला चांगली आठवते. करकरीत, अंगठ्याचा ठसासुद्धा उमटला नव्हता.

त्या काळात कामगारांच्या नाट्यस्पर्धा म्हणजे काय चीज होती हे आताच्या पोरांना सांगून कळायचं नाही. पाळी सुटली की कॅन्टीनच्या मागे तालीम. मी लिहिणार, मीच बसवणार आणि प्रयोगाला विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगलाही मीच. गणू गोडाऊनला हमाल होता. इथून, या खालच्या गावातून, सायकलीनं मोहन्याला यायचा. अक्षरओळख नव्हती. वाक्य त्याच्या कानात घालावं लागे. पण एकदा का ते कानातून आत गेलं की बाहेर येताना असं यायचं, की कॅन्टीनमधला पंखा फिरायचा थांबायचा. (पंखा खरंच थांबायचा. वीज जायची म्हणून असेल, पण थांबायचा.) प्रयोगात तर तो माझ्यावर डोळे मिटून चालायचा. मी विंगेतून अर्धं वाक्य सोडलं की इकडे त्याची जीभ उचलायचीच. मधे विचाराला फट नसायची. बघणाऱ्याला वाटावं, काय पाठांतर आहे गड्याचं! आणि गणूला तेच आवडायचं. गावात तो छातीवर हात ठेवून सांगायचा, "मना वाचता येत नाय, पन दोन तासांचा नाटक डोक्यान हाय." विंगेतली वही त्याची नि माझी गुपचूप गोष्ट होती. मालनलाही मी ती कधी सांगितली नव्हती.

सहा वर्षांत मी त्याला काय काय केलं? सावकार केला, दरोडेखोर केला, दारुडा केला, खुनी केला, भोंदू साधू केला. हिरो दर वर्षी तोच, अकाउंट्समधला एक गोरा क्लार्क, ज्याला स्वतःच्या बायकोचं नाव स्टेजवर आठवायचं नाही. हिरो गोरा लागतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते येतच होतं. एकदा डबा खाताना गणू म्हणाला, "महिपतभाऊ, एकदा मना चांगला मानूस कर ना. बायकोला दाखवाला." मी म्हटलं, "पुढच्या वर्षी नक्की." तो म्हणाला, "बरा." आणि त्यानं आपल्या डब्यातली सुकी करंदी, ती बारीक कोळंबी, माझ्या भाकरीवर घातली. ती करंदी मला आजही जिभेवर येते. कधी येईल त्याचा नेम नाही, बँकेच्या रांगेतसुद्धा येते.

आणि त्याच डब्याच्या वेळी, बोलता बोलता, त्यानं मला भोकरीखालचा तुकडा सांगितला. यांच्या शेतांना नावं असतात. कागदावर नंबर, पण तोंडात नाव. भोकरीच्या झाडाखालचा हा एवढासा तुकडा, भाताला बरा आणि खेकड्यांना त्याहून बरा. लहानपणी दोघे भाऊ तिथे खेकडे धरायचे. एकदा मारुतीचं बोट खेकड्यानं धरलं ते सोडीना, तेव्हा गणूनं खेकड्याची नांगी दातानं फोडली. पुढचा दात तुटलेला होता तो त्यामुळे. बाप मरताना दोघांना जवळ बोलावून म्हणाला होता, "बाकीचा काय पन करा, भोकरीखालचा इकू नका." तेव्हा खोलीत तिघेच होते. गणू मला म्हणाला, "ही गोष्ट चौथ्याला मी आज सांगतंय." मी मान हलवली. चांगलं काही ऐकलं की माझी मान आपोआप हलते. तेव्हा समोरच्याला वाटतं, याला दुःख झालं. खरं म्हणजे मी आत कुठेतरी टाचण करून ठेवत असतो.

नाटकाचं नाव होतं 'वाटणी'. गणू त्यात थोरला भाऊ, धाकट्याची जमीन दलालाला विकणारा. कल्याणच्या हॉलात प्रयोग. गावातून ट्रक भरून माणसं आली होती आणि ट्रक ठरवला होता मारुतीनं. माझा दादूस नाटकात काम करतो म्हणून ज्याला त्याला सांगत तो सहाव्या रांगेत बसला होता. शेजारी बायको ठमाबाई, आणि त्याच्या पायांत हॉलला जायचं म्हणून घेतलेल्या नव्या चपला. विंगेतून मला ते सगळं दिसत होतं. आणखीही एक दिसत होतं. पहिल्या रांगेतले परीक्षक. पहिल्या अंकात त्यांनी दोन जांभया दिल्या, त्यातली दुसरी तर हात तोंडावर न धरता. मध्यंतरात मी वही उघडली. दुसऱ्या अंकात गणूचं वाक्य होतं, 'ती जमीनही घाला कागदावर.' मला वाटलं, मेलंय हे वाक्य. यात जीव नाही. आणि माझ्याकडे जीव होता की, टाचण करून ठेवलेला. मी पेन्सिलीनं समासात लिहिलं. तेव्हा माझा हात अजिबात थरथरला नाही. नाही, हे खोटं आहे. थरथरला, पण आनंदानं.

गणूला मी आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं म्हटलं नसतं. पडदा वर गेला, ते वाक्य आलं, गणूनं मान किंचित माझ्याकडे कलती केली आणि मी विंगेतून सोडलं, "भोकरीखालचा तुकडापण घाला कागदावर. बाप गेला, आता कोण बघतंय?" त्याच्या जिभेला सवय. तिनं उचललं आणि सबंध हॉलवर फेकलं. काय म्हटलं अहाहा! शेवटचा शब्द तोंडातून सुटल्यावर त्याला ऐकू आलं आपण काय बोललो ते. त्यानं सावकाश माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात. राग असता तर मी त्याचीही गोष्ट केली असती. तो पुढच्या वाक्याची वाट बघत होता. आता तूच काहीतरी सांग, यातून बाहेर यायचं वाक्य दे, असं ते बघणं होतं. आणि माझ्या वहीत पुढचं वाक्य त्याचं नव्हतं, दलालाचं होतं.

तेवढ्यात सहाव्या रांगेत मारुती उभा राहिला. वाकून त्यानं पायातली चप्पल काढली. वाकल्यावर बराच वेळ तो वर आला नाही.

परीक्षक जागे झाले. सर्वोत्कृष्ट लेखनाची ढाल मला मिळाली, ती आमच्या घरी काचेच्या कपाटात टीव्हीच्या वर आहे. गणू आणि मारुती त्या दिवसापासून एकमेकांशी बोललेले नाहीत. मारुतीच्या डोक्यानं सरळ हिशोब लावला, की बापाचं ते बोलणं मला आणि दादूसला ठाऊक. ते याच्या तोंडी आलं, म्हणजे याच्या मनात आहे. मनात आहे म्हणजे दलालाशी बोलणं झालेलं आहे. गणू एका वाक्यात सुटला असता. मला विंगेतून सांगितलं, एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हणायचं तर दोन तासांचं नाटक डोक्यात नव्हतं हेही म्हणावं लागलं असतं. त्यानं ते कुणालाच सांगितलं नाही. मलाही एका शब्दानं विचारलं नाही. फक्त त्यानंतर नाटकात काम केलं नाही. पुढच्या वर्षी मी खरंच त्याच्यासाठी चांगला माणूस लिहून नेला होता. "मना सायकलीनं उशीर होतो भाऊ," एवढंच तो म्हणाला.

मग मी गोष्ट सांगायला लागलो. लेखणीची ताकद बघा, असा व्हिलन लिहिला की पब्लिकनं चपला फेकल्या! मालन शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाली होती, "तुम्ही खोटं सांगता तेव्हा हळू बोलता. चपलेची गोष्ट मात्र मोठ्यानं सांगता." मी म्हटलं, तू झोप. ती झोपली नाही, माझ्याकडे बघत राहिली.

आणि भोकरीखालचा तुकडा? तो शेवटी विकला. दोघांनीही. भाव आले, पोरं मोठी झाली, सगळ्या गावानंच विकलं. एकाच कागदावर दोघांच्या सह्या, पण एकानं सकाळी येऊन केली आणि दुसऱ्यानं दुपारी. त्या तुकड्यावर आमची बिल्डिंग उभी आहे. मुलानं बुकिंग केलं तेव्हा मी खाली उभा राहून भोकरीचं झाड शोधलं होतं. त्या जागी पाण्याचा पंप होता.

परवा गणू स्वतः पत्रिका घेऊन लिफ्टनं वर आला होता. नात समृद्धी, तिची गुरुवारी हळद. पत्रिका दिली, पाणी प्याला, ढालीकडे बघून म्हणाला, "अजून चमकतंय." मग जाताना दारात म्हणाला, "डीजे हाय, घोडा हाय, सगला हाय. धवला नाय." धवला म्हणजे यांच्या लग्नातलं गाणं. वाजंत्री नाही, काही नाही, म्हातारी बाई उभी राहते आणि आवाजानं लग्नाला हात घालते. भटजीच्या आधी तिचा मान. आणि या पंचक्रोशीत कित्येक वर्षं धवला गाता येणारी बाई उरलीय एकच, ती ठमाबाई, मारुतीची बायको. भिंतीच्या पलीकडची. गणूच्या चारही मुलांच्या लग्नात धवला झाला नाही. "समृद्धी माजी शेवटची," तो म्हणाला आणि लिफ्टचं बटण खालचं दाबायच्या ऐवजी वरचं दाबून वरच गेला.

रसिका अंघोळीहून आली तर मी कपाटासमोर उभा. "आजोबा, काय केलंत हे?" लाल कार्डावरचं गणूचं नाव मी खोडलं होतं. तिथे माझं लिहिलं होतं. पिवळं कार्ड काढून टेबलावर पालथं ठेवलं होतं. हिरव्या कार्डावर, प्रश्नचिन्हाच्या जागी, लिहिलं होतं: 'मारुती. भावाचं काम बघायला आला होता.'

तिनं ते वाचलं. मग केस पुसायचा टॉवेल तसाच डोक्यावर ठेवून ती माझ्या पलंगावर बसली. "सांगा," ती म्हणाली. मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी ही गोष्ट हात न हलवता सांगितली आणि ती इतकी लहान निघाली की माझं मलाच ओशाळं वाटलं. पाच मिनिटांतच संपली.

"मग आता?" रसिका म्हणाली. "याचा एंड काय?"

"तुझे सर काय म्हणतात?"

"सरांचं सोडा. तुम्ही त्या मारुतीआजोबांना सांगितलंत का?"

बुधवारी मी वही घेऊन खाली उतरलो. वही सापडायला फारसे कष्ट पडले नाहीत. माणूस पुरावा नष्ट करायचा म्हणून जिथे ठेवतो तिथे तो अगदी व्यवस्थित राहतो. मारुतीच्या दारात झोपाळा, झोपाळ्यावर मारुती, कानात ऐकायचं यंत्र. मला बघून त्याचा चेहरा उजळला. सगळ्या गावात मी आवडता माणूस, माझ्या गोष्टी कुणाला नको असतात? "या या महिपतभाऊ. आज काय आनलंव? उल्हास नदीतली ती मगर परत आयली काय?" त्याची सून कल्पिता पाणी घेऊन आली आणि गोष्ट ऐकायला दारातच टेकली. आत ठमाबाई तांदूळ निवडत होती.

मी सांगितलं. मारुती ऐकत गेला आणि त्याचा चेहरा झोपाळ्यासारखा मागे मागे गेला. मी थांबल्यावर तो म्हणाला, "किती लोकांना सांगलास ही?"

"कालपर्यंत कुणालाच नाही. काल नातीला, आज तुला."

"झाली बनवून? उद्या हळद, आज गोष्ट. त्यानी धाडलान तुना?"

"मारुती, देवाशपथ खरं आहे."

"तू मगरीची पन देवाशपथच सांगतंस."

चाळीस वर्षं फेकाफेकी करून मी ज्या कीर्तीला पोचलो होतो, ती आता माझ्या आणि खऱ्याच्या मध्ये उभी होती, डोकीइतकी उंच. मी वही पुढे केली. मारुतीला वाचता येत नाही. त्यानं ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि सुनेकडे दिली. "काय लिवलाय बघ."

कल्पितानं पान उघडलं. "शाईनं लिहिलंय, ती जमीनही घाला कागदावर. ते खोडलंय. बाजूला पेन्सिलीनं..." ती थांबली. लग्न होऊन ती या घरात आली त्याला पंधरा वर्षं झाली असतील. तिनं ते नाव कधी ऐकलंच नसेल असं मला वाटलं. पण तिनं सासऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की ऐकलं होतं हे मला कळलं. "भोकरीखालचा तुकडापण घाला कागदावर. बाप गेला, आता कोण बघतंय."

"अक्षर?" मारुती म्हणाला.

"वरचं नि बाजूचं एकच आहे. यांचंच दिसतंय."

आत तांदळाचा आवाज थांबला होता. मारुती आपल्या पायांकडे बघत होता. म्हाताऱ्याचे पाय, नखं जाड झालेली. मग त्यानं विचारलं, "मंग त्यानी का नाय सांगला?"

"सांगितलं असतं तर तुला कळलं असतं, की त्याला नाटक पाठ नव्हतं."

"मना?" मारुती म्हणाला. "मना काय करायचा व्हता पाठाचा?" आणि मग, माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघून, "येडा," म्हणाला. कोणाला ते मला कळलं नाही. मी उठलो. दारापर्यंत आलो तरी कुणी बस म्हटलं नाही. ठमाबाई मागून आली आणि वही माझ्या हातात दिली. "ही ठेवू नका आता," ती म्हणाली. "आनि माझ्या गोष्टी नका करू लोकांत." तेवढंच. ती हळदीला येणार की नाही हे त्या घरात मला कुणी सांगितलं नाही आणि माझीही विचारायची छाती झाली नाही.

गुरुवारी दुपारी चारला आम्ही गेलो, मी आणि रसिका. मांडव पिवळाधमक. डीजेवाला तारा जोडत होता. समृद्धी पाटावर, तिच्या भोवती बायकांचा गराडा, आणि गणू मांडवाच्या खांबाला टेकून खुर्चीत. नवं धोतर, मिशा पांढऱ्या, तुटलेल्या दाताच्या जागी आता बोळकंच. मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. दोन पोरं लगेच आली. "आजोबा, चपलेची गोष्ट सांगा ना!" गणू समोर बघत राहिला. ही गोष्ट त्याच्यासमोर मी कितीदा सांगितली असेल? तो प्रत्येक वेळी हसला होता. प्रत्येक वेळी. आज मी म्हटलं, "ती गोष्ट खोटी आहे रे." पोरं म्हणाली, "माहितीय, म्हणून तर सांगा!"

मी गणूकडे वळलो. तोंडात सगळं तयार होतं. काल रात्री तीनदा घोकलं होतं. "गणू," मी म्हटलं, "ते वाक्य—" त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. जड, गोण्या उचललेला हात. "करंदी हाय आज जेवाला," तो म्हणाला. "जेवून जा."

तेव्हाच मांडवाच्या तोंडाशी बायका बाजूला झाल्या. आधी ठमाबाई आली, हिरव्या लुगड्यात. ती कुणाकडे न बघता सरळ समृद्धीच्या पाटाकडे निघाली. आणि मागे मारुती. तो आत आला नाही. उंबरठा नसलेल्या मांडवाला उंबरठा असल्यासारखा कडेला उभा राहिला. डीजेवाल्याच्या हातातली तार तशीच राहिली. सगळं गाव एकदम गप्प झालं. अशी शांतता मी फक्त थिएटरात ऐकली आहे, कुणी वाक्य विसरलं की होते ती.

गणू उठला. खांब धरून उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. अडतीस वर्षांचं वाक्य होतं ते, कुठून सुरू करायचं? आणि मग त्याची मान किंचित कलती झाली. माझ्याकडे. तेच बघणं. मी खांबाच्या अलीकडे, कापडाच्या कडेला, अगदी विंगेतच बसलो होतो की. माझ्या तोंडात वाक्यं गर्दी करून आली, एकाहून एक. 'आलास भावा' होतं, 'चुकलो' होतं, बापाचं नाव घेऊन एक होतं, ते तर असं होतं की मांडवभर पदर डोळ्यांना लागले असते. रसिकानं माझा दंड धरला. मी जीभ दातांखाली दाबली. इतकी, की खारट चव आली.

गणूनं थोडी वाट बघितली. माझ्याकडून काही येत नाही हे त्याला कळलं. मग तो मान सरळ करून भावाकडे वळला आणि त्याच्या पायांकडे बघितलं.

"चपला भायेर काढून ये रं," तो म्हणाला.

मारुती वाकला. वाकल्यावर बराच वेळ तो वर आला नाही. वर आला तेव्हा दोन्ही चपला त्याच्या हातात होत्या, आणि कुठे ठेवू, असं त्यानं दादूसला नुसत्या हनुवटीनं विचारलं. तिकडे पाटाजवळ ठमाबाईनं कानावर हात ठेवून सूर लावला होता.